मुलांनीं मन मोकळें करावें कोणापाशीं?

कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या नववीच्या वर्गांतील एक मुलगा पहिल्या तासाला नेमानें डुलक्या घेत असे. मीं त्यास दोनदां बांकावर उभें केलें, एकदां सर्वांदेखत टाकून बोललों, आणि अखेरीस त्याच्या वडिलांच्या नांवें चिठ्ठी दिली. चिठ्ठीचें उत्तर आलें नाहीं. पुढें शाळेच्या शिपायाकडून कळलें कीं, वडील अंथरुणास खिळले असून मुलगा रोज पहाटे तीनला उठून घरोघर दुधाच्या पिशव्या पोहोंचवितो. शिपायास ठाऊक होतें, वर्गशिक्षकास नव्हतें! "मला कां सांगितलें नाहींस?" असें विचारतांच तो मान खालीं घालून म्हणाला, "सर, तुम्हांला कसें सांगायचें?"

ह्या उत्तराचा उलगडा मला फार उशिरां, बिहारांत झालेल्या एका प्रयोगाचा वृत्तान्त वाचतांना झाला. गोव्यांत १९९६ सालीं स्थापन झालेल्या 'संगाथ' ह्या संस्थेनें नालंदा जिल्ह्यांतील सरकारी माध्यमिक शाळांतून 'सेहेर' नांवाचा उपक्रम चालविला. पंचाहत्तर शाळा, चिठ्ठ्या टाकाव्या तशा रीतीनें, पंचवीस-पंचवीसच्या तीन गटांत वांटल्या. त्यांपैकीं एक शाळा पुढें गळाली. पहिल्या गटांत प्रत्येक शाळेंत एक बाहेरची व्यक्ति नेमली. ती डॉक्टर नव्हे कीं शिक्षक नव्हे. ह्या कामापुरतें शिक्षण दिलेली साधी सुशिक्षित व्यक्ति. दुसऱ्या गटांत तेंच काम शाळेंतील एका शिक्षकाकडे सोंपविलें. तिसऱ्यांत सरकारचा नेहमींचा अभ्यासक्रम तेवढा राहिला. पहिल्या दोन्ही गटांतील कार्यक्रम एकच होता: गाऱ्हाण्यांची पेटी, भित्तिपत्रक, स्पर्धा, दांडगाईविरुद्ध नियम, आणि ज्याला एकट्यानें बोलावयाचें असेल त्यासाठीं राखून ठेवलेला वेळ.

आरंभींच्या पाहणींत नववीचे सुमारें १३ हजार विद्यार्थी होते. पहिल्या वर्षाचा निष्कर्ष २०१८ सालीं 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. बाहेरची व्यक्ति जेथें होती त्या शाळांचें वातावरण सुधारलें, मुलांमधील खिन्नतेचीं लक्षणें कमी झालीं, छळ व मारामारी घटली, मुलगा-मुलगी समानतेविषयींचीं मतेंही पालटलीं. शिक्षकांकडे काम दिलेल्या शाळा मात्र जवळजवळ तिसऱ्या गटाप्रमाणेंच राहिल्या. दुसऱ्या वर्षाचा वृत्तान्त २०२० सालीं आला. पहिल्या गटांतील सुधारणा आणखी वाढली होती, आणि शिक्षकांच्या गटांत तेव्हांही फरक नव्हता.

हें वाचून मला प्रथम रागच आला, हें कबूल करितों. शिक्षकापाठीमागें निवडणूक, जनगणना, शिष्यवृत्तीचे अर्ज, खिचडीचा हिशेब इतकीं कामें असतां त्यानें मुलांचीं मनें केव्हां जाणावीं? ही सबब खरी आहे. पण तीच संपूर्ण गोष्ट आहे असें मला आतां वाटत नाहीं. ज्याच्या हातीं गुण आहेत, हजेरी आहे, दाखल्यावरील 'वर्तणूक चांगली' हे दोन शब्द आहेत, त्याच्यापाशीं मुलानें आपलें दैन्य कां उघडें करावें? २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें मुलांस मारण्याची बंदी केली. तथापि आमच्या नजरेंतील छडी कोणत्या कायद्यानें काढावी? मी लहानपणीं बोर्डिंगांत असतां मेट्रनबाईंपाशीं आम्ही काय काय बोलत असूं! त्यांतलें अवाक्षर हेडमास्तरांच्या कानीं जात नसे, म्हणूनच आम्ही बोलत असूं.

एका जिल्ह्याचा प्रयोग सर्व देशास जसाच्या तसा लागू पडेल असें मी म्हणत नाहीं. शिवाय तो शाळेपुरता होता. माझ्या विद्यार्थ्याचें दुःख घरीं अंथरुणावर होतें. आमच्याकडे खेड्यांतून आशाताई घरोघर जातात, कोणत्या घरीं कोण आजारी आहे हें त्यांस ठाऊक असतें. पण त्यांची आणि शाळेची गांठ मीं तरी कधीं पडलेली पाहिली नाहीं. शाळेंतील अशा व्यक्तीनें त्यांची भेट घेतली, तर मुलाची झोंप व बापाचें दुखणें ह्यांचा संबंध वर्गांत शिक्षा होण्यापूर्वीं कोणाच्या तरी ध्यानांत येईल.

पैशाचा प्रश्न निघेलच. त्यावर माझें म्हणणें एवढेंच कीं, स्नेहसंमेलनाच्या मंडपावर व कमानीवर आपण जें खर्चितों त्याचा हिशेब शाळासमितीनें एकदां मांडून पाहावा. येत्या जूनपासून एका वर्षाकरितां एक माणूस नेमावा. त्याच्या हातीं हजेरीपट देऊं नये, गुणपत्रक देऊं नये, बदली तासावरही त्यास पाठवूं नये. आणि त्याची खोली ऑफिसास लागून नसावी.