बरे झालेल्यांना कोंडले कोणी?

दर वर्षी २४ मेला, स्किझोफ्रेनिया दिनी, व्यासपीठावर एखाद्या रुग्णाच्या हाती शाल-श्रीफळ ठेवून त्याच्या जिद्दीचे पोवाडे गातात. पुरे झाले हे पोवाडे! माणूस आजारातून उठतो तो कोणीतरी हात दिला म्हणून. तो हात सरकारने किती दिला?

विचारा त्या आईला. सत्तरीची बाई पहाटेची एसटी धरून मुलाच्या गोळ्यांसाठी जिल्ह्याच्या गावी येते. खिडकीतून उत्तर मिळते, 'संपल्या, सोमवारी या.' पिशवीतली भाकरी न सोडताच ती परत फिरते. मधल्या दिवसांत गोळी चुकते, कानातले आवाज पुन्हा सुरू होतात आणि गाव म्हणते, 'बाहेरचं आहे, देवऋषाकडे न्या!' हा गुन्हा त्या आईचा नाही, खिडकीमागच्या व्यवस्थेचा आहे.

२०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम १९ स्पष्ट बजावते: घरचे स्वीकारत नाहीत, घरच नाही किंवा समाजात राहण्याची सोय नाही, एवढ्याच कारणाने कोणालाही रुग्णालयात ठेवता येणार नाही. ती सोय, म्हणजे हाफवे होम आणि सामूहिक घरे, उभारण्याची जबाबदारीही याच कलमाने सरकारवर टाकली. कायदा लागू होऊन वर्षे लोटली. तरी येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरीच्या मनोरुग्णालयांत बरी झालेली माणसे का अडकून पडतात? प्रत्येक जिल्ह्यात असे घर का नाही? कायदा कपाटात कोंडणाऱ्यांनीच ही माणसे कोंडली आहेत!

आणि भावांनो, तुम्हीही सुटत नाही. बहीण बरी होऊन दाराशी येते, तेव्हा शिधापत्रिकेवरचे तिचे नाव कमी झालेले असते आणि सातबाऱ्यावरचा हिस्सा गिळलेला असतो. 'पोरीची सोयरीक मोडेल' म्हणत तिला मागल्या खोलीत ढकलता, उठता-बसता टोमणे मारता. घरातल्या अशा जाचाने आजार उलटतो, हे मानसोपचारतज्ज्ञ कित्येक दशके कंठशोष करून सांगत आहेत.

घर काय करू शकते, हेही महाराष्ट्राने पाहिले आहे. कॅनडात प्राध्यापकी करणाऱ्या डॉ. जगन्नाथ वाणींच्या पत्नीला हाच आजार होता. त्यांनी तो लपवला नाही. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. तिथल्या स्वमदत गटात रुग्ण आणि नातेवाईक मोकळेपणाने बोलतात. एका माणसाला जमले ते राज्याच्या तिजोरीला जमत नाही?

सोमवारी ती आई पुन्हा त्याच खिडकीशी उभी राहील. आरोग्यमंत्र्यांनी त्या दिवशी खिडकीच्या आत बसावे आणि गोळ्या कधी येणार, ते तिला तोंडावर सांगावे.