गायरानांतील गुरांचें पाणी : तळें कीं हौद ?

वडाळ्याच्या बिऱ्हाडांत बसून गायरानांतील गुरांच्या पाण्याविषयीं लिहिणें कित्येकांस हास्यास्पद वाटेल. येथें गाय दिसते ती देवळाच्या दाराशीं चाऱ्याच्या पेंढ्या विकणाऱ्या बाईजवळ बांधलेली. परंतु याच मुंबईंत पूर्वीं दानशूर गृहस्थांनीं ज्या पाणपोया बांधल्या, त्यांतील कित्येकांस माणसांसाठीं वर तोटी व बैलांसाठीं खालीं दगडी कुंडी असे. जनावराच्या पाण्याची उंची, खोली व जागा निराळी ठरवावी लागते, हें त्या बांधणारांस कळत होतें. आमच्या गांवांस तें अजून नीट कळलेलें नाहीं, असें खेदानें म्हणावें लागतें.

मीं महसूल खात्यांत कारकुनी केली. जमीन महसूल संहिता, १९६६, हिच्या कलम २२ प्रमाणें गांवच्या गुरांच्या मोफत चराईसाठीं जमीन राखून ठेवतां येते. अशा गायरानांचे उतारे या हातानें शेंकड्यांनीं लिहिले. उताऱ्यावर क्षेत्र असतें. पण तेथें चरणारें गुरूं पाणी कोठें पितें, हें पाहण्यास जागेवरच जावें लागतें.

माझें गांव माण तालुक्यांत आहे. गायरानाच्या पोटाशीं एक पाझर तलाव असून सुमारें साठ गुरें दुपारीं त्यांत उतरतात. "पाणी समोर असतां हौदाचा खर्च कशास ?" असें वडीलधाऱ्या मंडळींचें म्हणणें. मीही पुष्कळ वर्षें तसेंच म्हणत होतों. पुढें एका चैत्रांत पाणी मागें हटून कांठाला गुडघाभर गाळ राहिला, आणि माझ्या धाकट्या बंधूची गाभण गाय त्यांत रुतली. दोर लावून तिला ओढून काढली, गाय वांचली. पण ती गाभडली. त्या दिवसापासून माझें मत बदललें.

गाळाचें संकट डोळ्यांस दिसतें, दुसरें दिसत नाहीं. गुरें पाण्यांत उभीं राहून तेथेंच शेण-मूत टाकतात व तेंच पाणी पितात. पाणथळ कांठावरील गोगलगायींच्या शरीरांत यकृतांतील चपट्या कृमींचीं पिलें वाढतात, तीं बाहेर पडून गवताला चिकटतात, आणि तें गवत गुरांच्या पोटांत जातें. जनावर खातें पण अंगीं लागत नाहीं, तेव्हां आपण दृष्ट काढतों ! म्हणून तळ्यास कुंपण घालावें आणि पाणी बाहेर हौदांत आणावें, असें माझें स्पष्ट मत आहे. म्हशींस डुंबण्याची गरज खरी आहे; त्यांच्यासाठीं निराळें डबकें राखावें.

आतां हौद केवढा ? परदेशी पुस्तकांतून लहानसें भांडें व वेगानें येणारें पाणी अशी रचना सांगितलेली आढळते. तेथें लहान लहान कुंपणांत जनावरें एकेकटीं येऊन पितात. आपल्याकडे गुराखी सारा कळप एकदम आणतो, आणि मारकीं गुरें पुढें घुसून वासरांस हुसकावतात. उन्हाळ्यांत साठ गुरांस दररोज सरासरी पन्नास लिटर धरले तरी तीन हजार लिटर लागतात. दुभत्या गाईस याहून अधिक. दुपारच्या एका खेपेस प्रत्येकीं वीस लिटर, म्हणजे अर्ध्या तासांत बाराशें लिटर. तीन मीटर लांब, साठ सेंटिमीटर रुंद व तीस सेंटिमीटर खोल पाण्याचा हौद सुमारें साडेपांचशें लिटरांचा होतो; दोहों बाजूंनीं दहा गुरें एका वेळीं पितात. उरलेलें पाणी मिनिटास बावीस लिटर या वेगानें आलें पाहिजे. तें उंचावरील सहा हजार लिटरांच्या टाकींतून सहज येईल, आणि पंप बिघडला तरी दोन दिवस निभावतील. सूर्यशक्तीचा पंप असल्यास ही टाकीच त्याची बॅटरी होय. वासरें व शेळ्यांसाठीं एक ठेंगणी कुंडी जोडावी.

एका गांवीं, त्याचें नांव सांगत नाहीं, असाच हौद मीं पाहिला. बांधकाम उत्तम. परंतु पाणी भरल्यावर थांबविणारा बॉलकॉक गुरांच्या शिंगांच्या आटोक्यांत बसविलेला. तो महिन्यांत तुटला, पाणी वाहून भोवतीं चिखल झाला, आणि तळ्याचाच गाळ हौदाभोवतीं आला ! बॉलकॉकवर जाड झांकण, भोवतीं मुरुमावर फरशी आणि जादा पाण्यास दूर नेणारा पाट, या तीन गोष्टींस खर्च थोडा आहे. पण अंदाजपत्रकांत त्याच प्रथम गळतात. हौद धुण्याचें काम कोणाकडे, हेंही कोणी लिहीत नाहीं. आठ दिवसांनीं हौद रिकामा करून घासावा व चुन्याचा हात द्यावा.

नवी कूपनलिका घ्यावयाची असल्यास पाणी आधीं तपासून घ्यावें. वडाळ्यास मिठागरांच्या शेजारीं राहणारास पाण्याच्या रूपावर विश्वास ठेवतां येत नाहीं. अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्ट्याचे शेतकरी हें दुःख जाणतात. लिटरमागें तीन ग्रॅमपर्यंत क्षार गुरांस बहुधा सोसतात. पांच ग्रॅमांच्या वर गेल्यास गाभण व दुभत्या जनावरांस तें पाणी देऊं नये.

येत्या १ मेच्या ग्रामसभेस मी गांवीं जाणार आहे. कुंपण, टाकी व हौद यांचा अर्ज लिहून ठेवला आहे; त्यांत हौद धुणाराच्या वार्षिक मेहनतान्याचें कलम पहिलें घातलें आहे.