बेगमी पुराचीही हवी

पावसाळा तोंडावर आला की आपली एकच धांदल उडते. धान्याला ऊन दाखवायचं, पापड-कुरडया डब्यात भरायच्या, सरपण झाकायचं. बेगमी कशी करायची हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. मग पुराची बेगमी करायला आपण का विसरतो?

कृष्णाकाठच्या माझ्या माहेरी तुळशीवृंदावनावर २००५ च्या पुराची खूण होती. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी चढू लागलं, तेव्हा वहिनी म्हणाली, "त्या खुणेच्या वर काही येत नाही." पण आलं! सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेलं. माणसं वाचली, पण रेशनकार्ड, पासबुकं, आईच्या शुगरच्या गोळ्या, सगळं घरातच राहिलं. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला तर गाव सोडणाऱ्यांनी खचाखच भरलेली बोट उलटली. त्यात कितीतरी बायका गेल्या. आणि दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पुन्हा महापूर.

मैत्रिणींनो, जुनी खूण म्हणजे हमी नव्हे. 'बघू, उद्या निघू' म्हणता म्हणता रस्ता बंद होतो आणि मग एका बोटीवर साऱ्या गावाचा भार पडतो. घर कधी सोडायचं हे बहुतेक घरांत पुरुष ठरवतात; गुरं, भांडी, म्हातारी माणसं सांभाळत शेवटी राहते ती बाई. म्हणून या निर्णयात आपलं तोंड उघडलंच पाहिजे.

फार काही लागत नाही. एका प्लास्टिकच्या पिशवीत कागदपत्रं, आठवड्याची औषधं, बॅटरी, थोडे पैसे, सॅनिटरी पॅड. निघताना मेन स्विच आणि गॅस बंद, गुरांची दावी सोडलेली. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा १०७७ हा नंबर चुलीशेजारच्या भिंतीवर लिहिलेला.

आणि मे महिन्यात बचत गटाची एक बैठक यासाठीच घ्या. कोण अंथरुणाला खिळलंय, कोण गरोदर आहे, त्यांना आधी कुणी न्यायचं, याची यादी करा. गावात बोटी किती, निवारा कुठल्या शाळेत, तिथं बायकांसाठी संडास आहे का, हे ग्रामसभेत उभं राहून विचारा. कुणी हसेल, हसू दे.

वहिनीची पिशवी आता मे महिन्यातच खुंटीला लागते. पापडाच्या डब्याशेजारीच!