काचबिंदू : रोजचे थेंब की एकदाचा लेसर?

मोतीबिंदूची शिबिरं गावोगाव होतात. काचबिंदूच्या वाट्याला तसं काही येत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की दोन दिवसांत आजीला नातवाचा चेहरा स्वच्छ दिसतो. काचबिंदूत गेलेली नजर मात्र कुठल्याच उपचाराने परत येत नाही, उरलेली तेवढी राखायची असते. त्यातही आधी बाजूचं दिसणं जातं. समोरचं ठीक दिसतंय, मग डॉक्टरकडे जायचं कशाला?

निदान झालंच तर दाब कमी करणारे थेंब सुरू होतात, तेही आयुष्यभर. उघडलेली बाटली साधारण महिनाभरच वापरायची. ती पेरणीच्या गडबडीत संपली तर तालुक्याची खेप लांबते. थेंब चुकले म्हणून डोळा दुखत नाही, त्यामुळे हळूहळू सुटतातच.

इथेच 'एसएलटी' या लेसरचा विचार व्हायला हवा. डोळ्यातलं पाणी जिथून निचरतं त्या जाळीवर लेसरचे हलके ठिपके देतात. काम काही मिनिटांचं, भरती व्हावं लागत नाही. ब्रिटनमध्ये 718 रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2019 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. आधी लेसर घेतलेल्यांपैकी 74 टक्के रुग्णांना तीन वर्षांनंतरही थेंबांची गरज नव्हती. काचबिंदूचं ऑपरेशन लेसरच्या गटात कुणालाच लागलं नाही, थेंबांच्या गटात 11 जणांना लागलं. 2022 पासून तिथल्या सरकारी मार्गदर्शक सूचनांतही बहुतेक नव्या रुग्णांना हा लेसर आधी सुचवला जातो.

पण हा चष्म्याचा नंबर घालवणारा लेसर नव्हे. नजर वाढत नाही, असर काही वर्षांनी ओसरू शकतो, मग पुन्हा द्यावा लागतो. कोन बंद असलेल्या काचबिंदूत तर वेगळा लेसर लागतो, त्यात बुबुळाला बारीक छिद्र पाडतात. कोन उघडा की बंद, हे भिंगातून तपासल्याशिवाय कळत नाही.

खरी अडचण या तपासणीचीच आहे. मशीन जिल्ह्याला आलं तरी रुग्ण शोधायचे कुणी? नुसता दाब मोजून भागत नाही, 21 च्या आत दाब असूनही काचबिंदू होतो. डोळ्यामागची नस बघावीच लागते. मोतीबिंदूच्या शिबिरात चाळिशीपुढची माणसं आयतीच येतात. तिथेच दाब आणि नस तपासून घेतली, तर वेगळा मांडव घालायची गरज नाही. घरात आई-वडील किंवा भावंडाला काचबिंदू असेल, त्यांनी मात्र शिबिराची वाट बघू नये.