पावसाचे माप

२६ जुलै २००५ च्या सकाळपासून २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. कुलाब्याची नोंद मात्र जेमतेम ७३ मिलिमीटरची होती. पहिला आकडा मुंबईकरांना आजही मुखोद्गत आहे. त्याचा अर्थ थोड्यांनीच जाणला आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. या हिशेबाने तेथील प्रत्येक चौरस मीटरवर जवळजवळ एक टन पाणी कोसळले! मातीने त्यातले काही पोटात घेतले असते. डांबराला पोट नसते. मिठी नदी भरावाने व कचऱ्याने आधीच आक्रसलेली. त्यात माहीमच्या मुखाशी भरतीचा समुद्र तिची वाट अडवून उभा. याला दैवी कोप म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण भरती दैवाने येत नाही. ती चंद्र-सूर्याच्या आकर्षणाने येते आणि तिची वेळ वर्षभर आधी सांगता येते.

हे सारे आमची मुले पुस्तकातून पाठ करतात आणि शाळेच्या दारात तुंबलेल्या पाण्याकडे मात्र कोरड्या नजरेने पाहतात. सरळ कडांचे एक भांडे आणि एक मोजपट्टी, एवढ्या सामग्रीवर प्रत्येक शाळेला गच्चीवर पाऊस मोजता येईल. शेजारी भरतीची वेळ आणि रस्त्यावरील पाण्याची उंची लिहिली, तर आपला रस्ता नेमका केव्हा व का बुडतो, हे मुलेच सांगू लागतील. ज्याला पाऊस मोजता येतो, त्याला ‘अभूतपूर्व पाऊस’ या सबबीने गप्प बसविता येत नाही. शहराला आज अशाच नागरिकांची निकड आहे.