घसारा म्हणजे मरण नव्हे



१९९४ मध्ये फ्रान्स सरकारने दहा वर्षांहून जुनी मोटार भंगारात देऊन नवी घेणाऱ्याला ५,००० फ्रँक दिले. का, तर कारखाने चालावेत! मग दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रीला पोट नसते का? मी बी.कॉम. झालेली, वहीत घसारा लिहिला म्हणून चालती वस्तू मरत नाही, एवढे मला कळते.

त्यांचीच सित्रोएन टू-सीव्ही बघा. १९४८ ते १९९० बनली. इंजिन हवेने थंड होते, म्हणजे रेडिएटर गळायची भीतीच नाही. मडगार्ड बोल्टवर बसवलेले; चेपले तर तेवढेच बदला. तेल वेळेवर बदलायचे आणि चासीला गंज चढू द्यायचा नाही. अशी गाडी मोडण्यासाठी बक्षीस? कुकरची रिंग गेली म्हणून आपण कुकर फेकतो का?