बायोडाटातील उसनी ओळ

जानेवारी उजाडला की आमच्या वाणिज्य शाखेची शेवटच्या वर्षाची मुले बायोडाटा घेऊन येतात आणि "मॅडम, जरा पाहता का?" म्हणतात. पाहण्यासारखे त्यात फारसे नसते. वीस कागदांत नेतृत्वगुण तेच, संघभावना तीच. फक्त नाव आणि जन्मतारीख निराळी. पूर्वी मुले वरच्या वर्गातील मित्राचा कागद उतरवून घेत, हल्ली संगणकाकडून लिहवून घेतात, एवढाच काय तो फरक.

माझे माहेर धार जिल्ह्यातील सरदारपूरचे. पवारांच्या मागोमाग माळव्यात गेलेल्या मराठी घरांपैकी आमचे एक. गेल्या मे महिन्यात तेथे गेले असता भाच्याने आपलाही बायोडाटा पुढे ठेवला. तो इंदूरला व्यवस्थापन शिकतो आणि त्याला सल्लागार कंपनीत, म्हणजे इतरांना धंदा कसा चालवावा हे सांगणाऱ्या कंपनीत, शिरावयाचे आहे. (शिकागोत १९२६ साली अशी एक पेढी जेम्स मॅकिन्झी या हिशेबशास्त्राच्या प्राध्यापकाने काढली. तेव्हा वाणिज्यवाल्यांनी बिचकण्याचे कारण नाही.)

पहिलीच ओळ होती, 'धोरणात्मक विचार करणारा परिणामाभिमुख नेता'.

"हे काय रे?"

"आत्या, सगळे असंच लिहितात."

दादाचे बी-बियाण्यांचे दुकान आहे. सोयाबीन घरात आल्याखेरीज तिकडे उधारी सुटत नाही. बारावीच्या सुट्टीत या मुलाने उधारीची वही गावनिहाय मांडून काढली, तेव्हा निम्म्याहून अधिक रक्कम अवघ्या अकरा खात्यांत अडकलेली दिसली. दादाने त्या अकरांशी हप्ते ठरवले. दोन हंगामांत दुकानाच्या कर्जावरचे व्याज निम्म्यावर आले. कागदावर याचा एक शब्द नव्हता! "ते तर घरचं काम," तो म्हणाला. त्याला दुकानाची लाज वाटत होती, हे मला तेव्हा कळले आणि वाईट वाटले. आमच्या वर्गातही आईच्या खानावळीचा हिशेब ठेवणाऱ्या मुली आहेत. त्याही ते लपवतात आणि 'नेतृत्वगुण' लिहितात.

मुलाखत घेणारे नेमके येथेच पकडतात. एक ओळ धरून ते खोदत जातात: यात तू स्वतः काय केलेस? आकडा कोठून आला? कोणी विरोध केला? उसन्या ओळीचा मालक दुसऱ्या प्रश्नालाच गप्प होतो. वहीवाला मुलगा अर्धा तास बोलू शकतो.

त्यानंतर 'केस' येते, म्हणजे एखाद्या धंद्याची अडचण पुढ्यात टाकतात आणि मोठ्याने विचार करावयास सांगतात. भाच्याने अशा शंभर केसेस पाठ केल्या होत्या. मी विचारले, "सरदारपूरच्या बाजाराच्या दिवशी किती कप चहा खपतो?" त्याचा हात मोबाईलकडे गेला. तो मी बाजूला ठेवावयास लावला. मग तो सांगू लागला: टपऱ्या वीस धरू, आठ तास, तासाला तीस कप, म्हणजे चार हजार आठशे. "आता दुसऱ्या बाजूने पडताळ." बाजारात तीन हजार माणसे येतात असे धरले, तर माणशी दीड कपाहून थोडे अधिक, पटण्यासारखे आहे. उत्तर चुकले असेलही, पण वाट दिसली, आणि परीक्षकाला तीच पाहावयाची असते. पाठांतराने ती कशी दिसणार?

इंग्रजीचे भय मात्र खरे आहे, ते मी नाकारत नाही. माझे मत असे की आपली हकीकत आधी मराठीत किंवा कन्नडात, घरच्या माणसासमोर मोठ्याने सांगावी. ती तेथे जमली की इंग्रजीत फक्त शब्दांचे काम उरते. आपण उलट करतो. इंग्रजी वाक्ये घोकतो आणि सांगावयाचे काय, हेच ठरलेले नसते.

भाच्याने रात्री ती ओळ खोडून उधारीची ओळ लिहिली, आकड्यांसह. दादाने चष्मा लावून ती दोनदा वाचली आणि विचारले, "खातेदारांची नावं नाहीस ना घातलीस?"